तिकडे मागून हॉर्न येत नाही

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई तू लगेच "जेवलीस का" वर येतेस आणि बाबा तुम्ही चष्मा पुसत गॅलरीत निघून जाता, म्हणून लिहूनच पाठवतेय. आधी मुद्द्याचं सांगून टाकते. तिकीट काढलंय, व्हिसा पण आलाय, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी नऊ दिवस फ्रान्सला जातेय, सायकल चालवायला. हो, सायकलच. रागवा, पण पूर्ण वाचून मग रागवा.

आई, देवघरासमोर तू माझा हात धरून कबूल करून घेतलं होतंस की पुन्हा हायवेवर सायकल नाही. विल्होळीच्या पुढे त्या टेम्पोने मागून हँडलला घासलं, ती सकाळ मी विसरलेले नाही. कॉलरबोनचं दुखणं गेलं, पण नंतरचे पंधरा दिवस तू रोज सकाळी कोमट पाण्यात कापूस बुडवून माझ्या गुडघ्यातली बारीक खडी चिमट्याने काढत बसायचीस, आणि हात थरथरू नये म्हणून तोंडाने रामरक्षा चालू ठेवायचीस, ते जात नाही डोळ्यांपुढून. एक काळा कण अजून आत आहे, उजव्या गुडघ्याच्या जरा खाली, बोट फिरवलं की लागतो. वचन मी मोडलेलं नाही गं. तीन वर्षांत हायवेला चाक लावलेलं नाही.

पण एक लपवलं होतं, ते आज सांगते. गेले सहा महिने रविवारी पहाटे मी ग्रुपबरोबर पाटाच्या कडेने आणि गिरणाऱ्याकडच्या कच्च्या रस्त्यांनी सायकल चालवतेय. तुम्हाला सांगायचे की वॉकला जाते. चुकलं माझं. सांगितलं असतं तर बाबांचं बीपी वाढलं असतं असं वाटलं, आणि खरं म्हणजे मलाच आधी बघायचं होतं की मला परत जमतंय का. जमतंय. फक्त मागून गाडीचा आवाज आला की पाठ आपोआप ताठ होते आणि हात ब्रेकवर जातो, अजूनही. आपल्याकडचा कुठलाही कच्चा रस्ता चार-पाच किलोमीटरवर डांबरीला लागतोच, आणि मधेच डंपर नाहीतर ट्रॅक्टर येतोच. मला एकदा, निदान एकदा, मागे काय येतंय हे न ऐकता दिवसभर सायकल चालवायचीय. एवढंच आहे ते. बाकी सगळी कारणं मी जोडलीयत तुम्हाला पटावं म्हणून.

बाबा, आता तुमच्यासाठी. मी तिकडे करणार ते ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्या भाषेत मुरमाच्या रस्त्यावरची सायकल. तुम्ही आयुष्यभर साइटवर मुरूम टाकून घेतलात, त्यावर पाणी मारून रोलर फिरवलात, मी लहानपणी जीपमध्ये बसून बघायचे. हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं असतं पण टायर चांगला रुंद, माझा ४५ मिलिमीटरचा आहे, हवा कमी ठेवायची म्हणजे दगडावरून उसळत नाही. ट्यूबच नसते, आत सीलंट असतं पांढरं, काटा घुसला तर तेच भोक बुजवतं.

जातेय तो भाग ओव्हेर्न, फ्रान्सच्या साधारण मधोमध. क्लेरमाँ-फेराँ नावाचं शहर आहे, मिशलिन टायरवाल्यांचं गाव, तिथलं मोठं चर्च काळ्या दगडाचं आहे आणि फोटो बघून मला पहिल्यांदा काळाराम मंदिरच आठवलं. दगड ज्वालामुखीचा, शेजारच्या व्होल्व्हिकच्या खाणीतला. शहराच्या पश्चिमेला सुमारे ८० ज्वालामुखी एका ओळीत उभे आहेत, गवताने झाकलेले, काहींच्या डोक्यावर खोलगट वाटी. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत आले ते. तिथल्या काही वाटांवर पुझोलान टाकलेलं असतं, लाल-काळा, भोकंभोकं असलेला हलका दगड, हा ज्वालामुखीचाच राखुंडा म्हणायचा. थोडं आणीन तुमच्यासाठी, तुम्ही मला खाणीतून गारगोटी आणून दिली होतीत ना, पांढऱ्या सुयांची, ती अजून माझ्या टेबलावर आहे. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा त्यापुढे कालचा.

आई, ज्वालामुखी शब्द वाचून छातीत धस्स झालं असेल तर ऐक. त्या भागातला सगळ्यात नवा सुमारे सात हजार वर्षांपूर्वी शांत झाला, आता तिथे गोल तळं आहे. आणि आपण कुठे राहतो? ब्रह्मगिरी, रामशेज, पांडवलेणी, आपल्या घराचा पाया, सगळा लाव्हाच आहे की.

ट्रॅफिकचं विचारशील, तेच महत्त्वाचं. जंगलातल्या बऱ्याच रस्त्यांना तोंडाशी आडवा दांडा असतो, मोटार आत जात नाही, सायकल बाजूने निघते. १९९१ पासून तिकडे कायदाच आहे की रस्ता सोडून रानात गाडी घालायची नाही. बंद पडलेल्या रेल्वेलाईनचे रूळ काढून सायकलचे मार्ग केलेत, चढ अगदी हलका, कारण इंजिनालाच चढ झेपायचा नाही. खोटं बोलत नाही, गावात शिरताना डांबरी रस्ता ओलांडावा लागेल, मधे थोडा तुकडा डांबरीवरून पण आहे, पण तिथे मी उतरून सायकल हातात घेईन. मोठा मार्ग तर उत्तरेकडून येऊन तिथून पार भूमध्य समुद्रापर्यंत जातो, एकूण सुमारे १४०० किलोमीटर, आम्ही त्यातला छोटा तुकडा करतोय, रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दुपारी पाऊस-विजा असतात म्हणून सकाळी लवकर निघून जेवणापर्यंत मुक्कामी. एकटी नाहीये, कॉलेजची मैत्रीण आणि तिच्या ओळखीचं एक जोडपं आहे, ते दोघं तिकडे दोनदा जाऊन आलेत.

पुई द दोम नावाचा सगळ्यात ओळखीचा डोंगर आहे, १४६५ मीटर. त्याच्या माथ्यावर सायकल नेऊ देत नाहीत, दातेरी रुळांची छोटी ट्रेन जाते, मी त्यातूनच जाणार. बाबा, १६४८ साली पास्कलच्या मेहुण्याने पारा भरलेली नळी घेऊन याच डोंगरावर चढून दाखवलं होतं की वर हवेचा दाब कमी होतो. म्हणजे तुमच्या बीपीच्या मशीनमधल्या पाऱ्याचं नातं तिकडे आहे, मी नमस्कार करून येईन. आणि तुम्ही मशीन रोज लावत जा.

खाण्याची काळजी करू नकोस आई. मुक्कामाची घरं आहेत, स्वयंपाकघर असलेली, हॉटेल नाही. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा, भाजणी घेऊन जातेय. तिकडे हिरव्या मसुराची डाळ पिकते ज्वालामुखीच्या मातीत, त्याचीच आमटी करीन. एक गोष्ट वाचली आणि तुझी फार आठवण आली. तिकडे सालेर नावाच्या तांबड्या गाई असतात, लांब वळलेल्या शिंगांच्या, त्या वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. तुझ्या माहेरची कपिला तशीच होती ना? आजी वासरू आणून बांधायची, त्याला आधी दोन घोट पिऊ द्यायची, मग धार काढायची, आणि मी तुझ्या पदराआडून बघायचे. शेणाचा वास, चुलीचा धूर, तुझ्या पदराला लागलेलं पीठ. मला तसं आत्ता जरा वेळ तुझ्या पदराआड उभं राहावंसं वाटतंय.

स्वार्थ आहे का यात? आहे. आईचे गुडघे दुखतायत, बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी आहे आणि मी सायकल घेऊन फिरणार, हे मला रात्री झोपू देत नाही. म्हणून डॉक्टरांशी बोलून ऑपरेशन जुलैच्या पहिल्या आठवड्यातच ठेवलंय, मी आल्यावर, मी असताना. त्याआधी नाही आणि "मी एकटा जाऊन येतो" तर अजिबात नाही. तुमचे जावई आणि पोरं त्या नऊ दिवसांत दोन्ही रविवारी तुमच्याकडे येतील, डब्याच्या मावशींना आगाऊ पैसे दिलेत, गोळ्या डब्यात वारानुसार भरून जाईन.

आणि आता नीट ऐका दोघं. बाबा, अंधार पडल्यावर अ‍ॅक्टिव्हा काढायची नाही, दूध संपलं तर संपलं. आई, लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढायचं नाही, बरणी मी शुक्रवारी आले की खाली आणून ठेवते. साखर तपासायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलीय. माझं लोकेशन दिवसभर दिसेल, पण ठिपका थांबला म्हणून घाबरून फोन करत बसू नका, तिकडच्या दऱ्यांत रेंज जाते. संध्याकाळी मी फोन करीनच, आपल्याकडे तेव्हा जेवणं आटपलेली असतील, जागे राहिलात तर बरं वाटेल मला.

बाबा, २०१५ साली महाजन डॉक्टर बंधू अमेरिकेतली रॅम, ती देश आडवा पार करायची सायकल शर्यत, पूर्ण करून नाशिकला आले तेव्हा पेपरचं कात्रण तुम्हीच कपाटाच्या दाराला चिकटवलं होतंत. अजून आहे ते, मी मागच्या वेळी बघितलं. गोल्फ क्लबच्या मैदानावर माझ्या सायकलचं कॅरिअर धरून पळायचात, आणि सोडलं की मला कळू नये म्हणून मागे पळतच बोलत राहायचात.

येत्या शुक्रवारी रात्री मी येतेय, सायकल घेऊनच. बॉक्समध्ये भरायची म्हणजे पेडल काढावी लागतात, आणि डावीकडचं उलट्या आट्यांचं असतं, ते माझ्याच्याने निघत नाही. तुमचा मोठा पाना माळ्यावर असेल, पण तुम्ही चढू नका, मी आल्यावर काढते.

तुमची,
बाळी