झाडांच्या निगेचे पुस्तक घेताना

महोदय,

झाडांची निगा शिकण्यासाठी पुस्तक घेताना आधी छाटणीचे पान उघडावे. फांदी खोडालगत सपाट कापून जखमेवर डांबर किंवा रंग लावा, असे तिथे असेल तर ते पुस्तक जुने, कितीही जाड असो. अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले, की झाड जखम भरून काढत नाही. कुजलेला भाग आतून भिंती घालून अडवते. फांदीच्या बुडाचा फुगवटा कापला की ही भिंतच जाते, आणि डांबराखाली ओल कोंडून बुरशीचे फावते.

चांगले पुस्तक तीन काप शिकवते. पहिला खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालून, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश हिश्शापर्यंत. दुसरा थोडा बाहेर, वरून. शेवटी उरलेला खुंट फुगवट्याच्या लगेच बाहेर. पहिला काप टाळला तर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते.

मुळांचे चित्रही पाहावे. बहुतेक शोषक मुळे वरच्या अर्ध्या मीटर मातीत, फांद्यांच्या पसाऱ्याच्या बाहेरपर्यंत असतात. खोल सोटमूळच दाखवणारे पुस्तक बुंध्याभोवतीच्या काँक्रीटचा धोका काय समजावणार?

परदेशी पुस्तकातले तंत्र घ्यावे, वेळापत्रक नको. त्यातली बर्फाळ हिवाळ्यातली छाटणी आपल्या गुलमोहराला लागू नाही. जोडीला स्थानिक वृक्षओळखीचे पुस्तक आणि महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा हवाच, तोही सुधारणांसह.

– एक वृक्षनिगा प्रशिक्षक, पुणे