छपाईत समास का सरकतात?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रबंध, अहवाल, निविदा, पुस्तकाची तपासणी-प्रत अशा कोणत्याही जुळवलेल्या मजकुराबाबत एक तक्रार हटकून ऐकू येते. पडद्यावर समास बरोबर दिसतात, कागदावर ते वेगळेच उतरतात आणि त्याच फाइलची दुसऱ्या यंत्रावर प्रत काढली की आणखी तिसरेच माप हाती येते. खापर बहुधा जुळणी करणाऱ्यावर फुटते, नाहीतर यंत्रावर. अक्षरजुळणीच्या व्यवसायात असल्यामुळे हा प्रकार मी जवळून पाहत आलो आहे आणि माझे मत असे की, बहुतेक वेळा दोष या दोघांचाही नसतो. छपाईचा आदेश देताना जी खिडकी पडद्यावर उघडते, त्या खिडकीतल्या एका पर्यायाचा तो असतो.

'फिट', 'श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस' किंवा अशाच काही नावाचा हा पर्याय पुष्कळदा आधीपासूनच निवडलेला असतो. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. घरी-कचेरीत असणाऱ्या बहुतेक लेझर आणि इंकजेट यंत्रांना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. चारही बाजूंना काही मिलिमीटरची पट्टी कोरी सोडावी लागते. मजकूर त्या पट्टीत जाऊन कापला जाऊ नये, म्हणून सगळे पानच थोडे आक्रसून छापण्याजोग्या जागेत बसवले जाते. पण ज्या पानाला मुळातच २५ मिलिमीटरचा समास आहे, त्यातला एकही शब्द त्या पट्टीकडे फिरकत नसतो. अशा पानाचे आक्रसणे विनाकारण होते.

किती फरक पडतो ते एका उदाहरणाने सांगतो. ए४ पानाचा डावा समास बांधणीसाठी ३५ मिलिमीटर आणि उरलेले तिन्ही २५ मिलिमीटर ठेवले आहेत, आणि यंत्राला चारही बाजूंना ४.२ मिलिमीटरची पट्टी सोडावी लागते असे धरू. छापण्याजोगी रुंदी २०१.६ मिलिमीटर उरते, म्हणजे पान ९६ टक्क्यांवर येते आणि कागदाच्या मधोमध छापले जाते. आता मोजपट्टी लावून पाहिले तर डावा समास जवळजवळ ३८, उजवा २८ आणि वरचा व खालचा प्रत्येकी ३० मिलिमीटर भरतो. १२ पॉइंटचा टाइप साडेअकरा पॉइंटांवर उतरलेला असतो, तो निराळाच. यात सर्वांत फसवी गोष्ट ही की, आडवे समास सुमारे ३ मिलिमीटरने वाढले आणि उभे ५ मिलिमीटरने. त्यामुळे मोजणाऱ्याला त्यात काही सूत्रच सापडत नाही आणि तो जुळणीकडे संशयाने पाहू लागतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे: 'ॲक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के प्रमाण निवडायचे. पीडीएफच्या १.६ आवृत्तीपासून छपाईच्या वेळी प्रमाण बदलू नये अशी नोंद फाइलमध्येच ठेवण्याची सोय आहे, आणि लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत हायपररेफ या जोड-पॅकेजच्या एका पर्यायाने ती घालता येते. ज्यांची फाइल दुसऱ्या कोणाकडे छपाईला जाणार आहे, त्यांनी ती जरूर घालावी. मात्र तिची दखल घ्यायची की नाही, हे फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामच्या हाती असते आणि छापणाराही तो पर्याय पुन्हा बदलू शकतो. म्हणून फाइलसोबत दोन ओळींची लेखी सूचना देण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे कारण कागदाच्या मापाचे. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. १९२२ साली जर्मनीत ठरलेली ही मापे १९७५ मध्ये आयएसओ २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. अमेरिका आणि कॅनडा येथे मात्र लेटर हेच माप चालते, ते ८.५ × ११ इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटर. ज्यांनी लेटर आकाराचा कागद उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, त्यांच्याही संगणकात कित्येक प्रोग्राम हेच माप गृहीत धरून बसलेले असतात. लेटरसाठी मांडलेले पान ए४वर 'बसवले' की ते सुमारे ९७ टक्क्यांवर येते. उलट ए४चे पान लेटरवर बसवले तर ९४ टक्क्यांवर.

लाटेक ज्यावर उभे आहे, ती टेक ही मूळ प्रणाली वापरणाऱ्यांना या मापांच्या गोंधळाची जुनी ओळख आहे. टेकमध्ये मोजणीचा मूळबिंदू कागदाच्या वरच्या-डाव्या कोपऱ्यापासून दोन्ही दिशांना १ इंच आत धरलेला असतो, आणि त्यातून निघणाऱ्या डीव्हीआय या जुळवलेल्या पानांच्या फाइलला कागद केवढा आहे याचा पत्ताच नसे. ती पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे छपाईयंत्राला पान कसे छापायचे ते सांगणाऱ्या भाषेत, बदलताना माप सांगावे लागे. पोस्टस्क्रिप्ट खालच्या कोपऱ्यापासून मोजते, त्यामुळे तिथे चुकून लेटर राहिले आणि यंत्रात ए४ कागद असला, की सगळा मजकूर दोन्ही कागदांच्या उंचीतल्या फरकाइतका, म्हणजे १७.६ मिलिमीटर खाली घसरे. आता थेट पीडीएफ तयार होते, तरी घोळ पुरता मिटलेला नाही. लाटेकच्या नेहमीच्या क्लासना, म्हणजे मांडणीच्या तयार साच्यांना, ए४ असे स्पष्ट सांगितले नाही, तर ते मांडणी लेटरच्या हिशेबाने करतात आणि पीडीएफचे पान मात्र ए४ निघू शकते. जिओमेट्री पॅकेज वापरले, तर मांडणीचे आणि पानाचे माप एकाच जागी ठरते. हाताने अंतरे ढकलत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

एवढे करूनही मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक उरतो, आणि इथे माझा आग्रह थोडा कडवा आहे. हा फरक यंत्राचा असतो. तो मूळ दस्तऐवजात शिरून दुरुस्त करू नये. एका यंत्रावर मजकूर २ मिलिमीटर उजवीकडे जातो, म्हणून फाइलमधला डावा समास कमी करणे म्हणजे घड्याळ पुढे आहे म्हणून गाडीचे वेळापत्रक बदलण्यासारखे आहे. तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की ती दुरुस्तीच चूक ठरते. बऱ्याच यंत्रांत प्रत्येक ट्रेसाठी प्रतिमा आडवी-उभी सरकवण्याची सोय असते. फरक तिथे काढावा. त्याआधी ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या कागदाला नीट टेकलेल्या आहेत ना, तेही पाहावे, कारण त्या सैल असल्या की कागद तिरका ओढला जातो आणि मग कुठलेही अंक बदलून उपयोग होत नाही.

फरक कशाचा आहे, हे ओळखण्यासाठी एक चाचणी-पान करून ठेवावे. त्यावर चारही कडांपासून बरोबर २० मिलिमीटर आत एक चौकट आणि मधोमध एक आडवी व एक उभी, १०० मिलिमीटर लांबीची रेघ असावी. छापून आधी रेघ मोजावी. ती ९६ भरली तर प्रमाण बदललेले आहे आणि चौकटीकडे अजून पाहण्यात अर्थ नाही. रेघ १०० भरली आणि चौकट एका बाजूला २१, दुसऱ्या बाजूला १९ मिलिमीटरवर आली, तर प्रतिमा केवळ सरकली आहे. नुसते समास मोजत राहिले, तर हे दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि वेगळे काढता येत नाहीत. याच पानाची छपाई दोन्ही बाजूंना करून ते उजेडासमोर धरावे. दुसऱ्या बाजूसाठी कागद उलटून मागच्या टोकाने यंत्रात शिरतो, त्यामुळे एका बाजूला १ मिलिमीटर वर गेलेली चौकट दुसऱ्या बाजूला खाली गेलेली आढळू शकते आणि दोहोंत २ मिलिमीटरचे अंतर दिसते. शिवाय लेझर यंत्रातल्या उष्णतेने कागदातला ओलावा कमी होऊन तो किंचित आक्रसतो, म्हणून पाठपोट रेघा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नये.

दोन्ही बाजूंच्या छपाईसाठी मांडलेल्या पुस्तकात डाव्या व उजव्या पानांचे समास आलटून-पालटून येतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. असे पुस्तक एकाच बाजूला छापले की एक पान डावीकडे, पुढचे उजवीकडे झुकलेले दिसते आणि यंत्र बिघडले असा समज होतो.

आता नियम करणाऱ्यांविषयी. विद्यापीठे, कार्यालये आणि प्रकाशक 'सर्व बाजूंनी १ इंच' एवढेच लिहून मोकळे होतात. पृष्ठक्रमांक आणि शीर्षपट्टी त्या एका इंचाच्या आत की बाहेर, ते लिहिलेले नसते. देवनागरीत तर वरचा समास कुठपर्यंत मोजायचा हाच प्रश्न असतो: पहिल्या ओळीत वेलांटी, मात्रा किंवा रफार आला तर शाई शिरोरेषेच्या बरीच वर जाते, आणि त्या टोकापर्यंत मोजणारा व शिरोरेषेपर्यंत मोजणारा यांच्या मापांत फरक पडतो. माझ्या मते शिरोरेषा धरावी, कारण ती प्रत्येक पानावर एकाच उंचीवर ठेवता येते. सवलत किती, हेही नियमात असायला हवे. आयएसओ २१६ खुद्द कागदाच्या कापणीत या आकारासाठी प्रत्येक दिशेला २ मिलिमीटर कमी-जास्त चालवून घेते. तेव्हा अर्ध्या मिलिमीटरसाठी बांधलेला प्रबंध परत पाठवणाऱ्याने आधी हातातला कागद मोजलेला असावा. समासाची तपासणी शक्यतो पीडीएफवरच करावी, छापील प्रतीवर दोन मिलिमीटरांची सूट द्यावी, आणि कागदाचे माप व '१०० टक्के प्रमाणात छापावे' ही अट नियमपत्रिकेत समासांच्या शेजारीच छापावी, अशी माझी संबंधितांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक अक्षरजुळणीकार वाचक