बाटलीवर तारीख लिहून ठेव

लालबाग, मुंबई

चि. सोनाली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रिपोर्ट वाचून दाखवलास. एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, १६८. आणि लगेच म्हणालीस, "बाबा, काळजी करू नका, ऑलिव्ह ऑइलची बाटली आणली आहे." तू घाटकोपरला गाडी बदलत होतीस, मागे गलका चालला होता, म्हणून मी काही बोललो नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ३४ व्या वर्षी १६८ हा आकडा मला साधा वाटत नाही, आणि एका बाटलीने तो उतरेल असंही वाटत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी २७ वर्षं फरसाणाच्या दुकानात तळणीवर उभा होतो. झाऱ्यावरून तेल कसं निथळतं यावरून ते किती दिवसांचं आहे हे मला कळायचं. त्यामुळे तेलातलं सगळं आपल्याला समजतं, असं मी धरून चाललो होतो. २०११ साली माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई कॉटशेजारी येऊन बसल्या. तेल कुठलं खाता, म्हणाल्या. मी ताठ मानेने सांगितलं, शेंगदाण्याचं, तेही घाण्यावरचं. "छान. महिन्याला किती लागतं?" तुझी आई म्हणाली, सहा लिटर. बाईंनी तिथेच वहीत गणित मांडलं. लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. चार माणसं, ३० दिवस. माणशी रोज ४५ ग्रॅम झालं. दुकानात येता-जाता तोंडात टाकलेली शेव-पापडी त्यात धरलेलीच नव्हती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जे रोजचं ताट आखून दिलं आहे, त्यात २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. दिवसभराचे. तुम्ही दोघं आणि छोटा ओम, तुमच्या घरात महिन्याला तूप-लोणी धरून अडीच लिटरच्या वर जाता कामा नये. तुला किती लागतं? माहीत नसेलच, आम्हालाही आईने मोजेपर्यंत नक्की ठाऊक नव्हतं. नवी बाटली फोडलीस की मार्करने तिच्यावर तारीख लिही. ती कधी संपली ते बघ. एवढं केलंस तरी अर्धं कळेल.

आता कुठलं तेल. तुझ्या जुन्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं मी पाहिलं आहे. अगं, कुठल्याच बियांच्या तेलात कोलेस्टेरॉल सांगण्याजोगं नसतं. ते प्राण्यांकडून येतं, आणि आपल्या रक्तातलं बरंचसं तर आपलं यकृतच तयार करतं. तेव्हा त्या दोन शब्दांना भुलू नकोस. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं: यकृताच्या पेशींवर जणू हुक असतात, ते रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढून घेतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघा अमेरिकन डॉक्टरांना या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तुपासारखं थंडीत थिजणारं स्निग्ध, जास्त खाल्लं की हे हुक कमी होतात, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. म्हणून बघायचं ते सॅच्युरेटेड किती आहे ते. खोबरेल तेलात ते ८० टक्क्यांहून जास्त, तुपात ६० च्या आसपास, पाम तेलात जवळजवळ निम्मं. शेंगदाण्याच्या तेलात पाचव्या हिश्शाच्या आत. सूर्यफूल, करडई, मोहरी यांत त्याहून कमी.

तुझं ऑलिव्ह ऑइल वाईट नाही. पण त्या किमतीत फोडणी देणं मला पटत नाही. कोशिंबिरीवर चमचाभर घाल आणि पुरवून खा. रोजच्या भाजीला शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन, म्हणजे भाताच्या कोंड्याचं तेल, आण. ते संपलं की पुढच्या महिन्यात मोहरी किंवा सोयाबीन. या दोन्हींत थोडं ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणारं एक चांगलं स्निग्ध, असतं, ते शेंगदाण्यात नसल्यातच जमा. करडईचं तेल मला फोडणीपेक्षा कच्चंच आवडतं, लसणीच्या चटणीवर अर्धा चमचा, भाकरीबरोबर. घाण्याचं म्हणून जास्त ओतायचं नाही, ही चूक मी करून बसलो. घाण्याचं काय, रिफाइंड काय, स्निग्ध पदार्थ तेवढेच आणि कॅलरीही तेवढ्याच. वासाचा आणि चवीचा फरक, तो मात्र खरा.

पण सोने, तुझा प्रश्न घरातल्या बाटलीचा कमी आणि बाहेरच्या तेलाचा जास्त आहे, असं मला वाटतं. सकाळी ऑफिसात चहाबरोबर खारी, संध्याकाळी गाडीत बसायला मिळालं की चिवड्याचं पाकीट, शनिवारी पावभाजी. हे तेल तुझ्या बाटलीत दिसत नाही.

खारीबद्दल मला एक सांगायचंच आहे, कारण ते माझ्या मनात फार वर्षं आहे. आम्ही दुकानात शंकरपाळ्यांना मोहन घालायचो ते वनस्पती तुपाचं. पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडतात, मग ते घट्ट होतं, रवाळ दिसतं, खुसखुशीतपणा छान येतो आणि माल लवकर खवट होत नाही. इथे शिवडीलाच त्याचा मोठा कारखाना होता. त्या घट्ट होण्यात जे ट्रान्स फॅट तयार होतं ते सगळ्यांत वाईट: एलडीएल वाढवतं आणि वर चांगलं एचडीएल कमी करतं. तुम्ही भावंडं लहान असताना मी रोज रात्री पुडीत शंकरपाळ्या आणायचो. तू दारात वाट बघत उभी असायचीस. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि ती पुडी आठवली की जीव तुटतो.

सरकारने तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली, ते फार चांगलं झालं. पण त्याने खारी-बिस्किट पथ्याचं झालं नाही. पाकिटामागे बघ, बहुतेक ठिकाणी पाम किंवा पामोलिन लिहिलेलं सापडेल. शेजारच्या तक्त्यात सॅच्युरेटेड फॅटचा आकडा असतो, तो वाच. डब्यात चणे-शेंगदाणे ठेव. शेंगदाणे मूठभरच, पण खारीच्या जागी. हे 'जागी' महत्त्वाचं आहे. लोणी सोडलं आणि त्याऐवजी मैदा-साखर वाढवली तर हाताला काही लागत नाही. लोण्याच्या जागी पातळ तेल, खारीच्या जागी दाणे, मटणाच्या एका वेळेच्या जागी उसळ आली, तर आकडा हलतो. राजमा, मसूर, ओट्स यांतला विरघळणारा तंतू पित्तरस बांधून बाहेर नेतो. मग नवा पित्तरस करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

वडा खायचाच असेल तर आधी कढईकडे बघ. वडा सोडल्यावर फेस वर येऊन बसतच नसेल, तेल काळपट चिकट झालं असेल, गरम होताच धूर येत असेल, तर पुढे निघून जा. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, साठतात. जुलै २०१८ पासून ती २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायला कायद्याने बंदी आहे, पण मोजायला कोण उभं असतं? घरीही पुऱ्या तळून उरलेलं तेल ताज्या बाटलीत ओतू नकोस. दोन दिवसांत फोडणीला संपव.

आईला मी खोबरं सोड म्हटलं नाही. मालवणच्या बाईला तसं सांगणं अन्याय आहे. वाटणात तिने ओलं खोबरं निम्मं केलं आणि जागा भाजलेल्या तिळांनी भरली. सुक्या चटणीत जवस आलं, त्यातल्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं. नारळाचा रस रोजचा होता, तो रविवारी आला. बांगडे आणि तारल्या मात्र वाढल्या, पण तव्यावर चमचाभर तेलात. ओमच्या वरणभातावरचं अर्धा चमचा तूप काढू नकोस, त्याला हवं आहे ते. तुझ्या पोळीवरचं काढ.

आहार सुधारून पुन्हा तपासायला डॉक्टरांनी तुला तीन महिने दिले आहेत. त्यांना आठवणीने सांग, वडिलांना ४९ व्या वर्षी हृदयाचा त्रास झाला. घरात असं असलं की आहार कितीही सांभाळला तरी यकृत ऐकत नाही असं होतं, मग गोळी घ्यावी लागते. मी १४ वर्षांहून जास्त घेतो आहे. त्यांनी दिली तर घे, आपल्या मनाने बंद करू नकोस, आणि ओमचंही कोलेस्टेरॉल तपासायचं का ते विचार.

या रविवारी येताय ना? मी सकाळी लवकर बाजारात जाऊन बांगडे आणतो. जावईबापूंना म्हणावं, घरातल्या सगळ्या तेल-तुपाच्या बाटल्यांचे फोटो काढून आणा, मागच्या बाजूचे.

तुझे,
बाबा