सुधीरला पत्र : मधली रेषा

टिळकवाडी, बेळगाव
दि. १७ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून तुला पत्र नाही, तुझा फोन मी दोनदा उचलला नाही, आणि यंदा पाठवलेल्या कुंद्याच्या डब्यात दुकानाची पावती होती पण माझी एक ओळ नव्हती. याबद्दल तू मनात जे काही बोलला असशील ते सर्व मान्य आहे. प्रकृती ठीक, साखर गोळ्यांनी आवरली आहे, गुडघा पावसाळ्यापुरता बोलतो. घरी सर्व कुशल.

पत्राचे कारण असे की गेल्या रविवारी आपण बास्केटबॉलचा उपांत्य सामना हरलो, आणि येत्या गुरुवारी क्लबच्या समितीपुढे प्रशिक्षक म्हणून मला सांगायचे आहे की पक्याला पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे आणून चाली लावणारा म्हणून, ठेवायचे की बदलायचे. घरी हा विषय काढला तेव्हा हिने भाजी निवडता निवडता ‘एवढेच ना?’ म्हटले. म्हणून तुला लिहितो.

सामना आधी सांगतो, कारण तो तुला कोणी तरी उलटासुलटा सांगितलाच असेल. शेवटची १९ सेकंदे उरली असताना धारवाडच्या मुलांनी बास्केट केली आणि आपण एका गुणाने मागे पडलो. चेंडू आपला होता, पण आपल्याच बास्केटखालून आत यायचा होता, आणि त्यांनी सबंध मैदानभर प्रेस लावला होता, म्हणजे पावलोपावली अंगावर येऊन अडवत होते. पक्याने चेंडू घेतला, पहिल्याला हूल देऊन तो सुटला, मग दोघांनी मिळून त्याला बाजूच्या रेषेला चेपले, तिथूनही तो पाठ लावून फिरला आणि मधल्या रेषेपर्यंत पोहोचला, तेवढ्यात पंचाची शिट्टी वाजली. चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेण्याची आठ सेकंदे संपली होती. त्याचा एक पाय पुढच्या अर्ध्यात होता, दुसरा मागे, आणि चेंडू नेमका रेषेवर. नियम तुला पाठ आहे: दोन्ही पाय आणि चेंडू पलीकडे गेल्याशिवाय ओलांडले असे धरत नाहीत, आणि मधली रेषा मागच्याच अर्ध्यात मोजतात. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चेंडू त्यांना मिळाला, आपल्याला फाउल करावा लागला, त्यांचे दोन्ही फ्री थ्रो पडले, शेवटी आपली दुरून केलेली फेक रिंगणाला लागून बाहेर आली आणि सामना तीन गुणांनी गेला. गॅलरीतून एक पोरगा ओरडला, ‘काका, घरी जावा की आता!’ पक्या तेहेतीस वर्षांचा आहे.

तुझ्या-माझ्या वेळी हीच मुदत दहा सेकंदांची होती. २००० साली दहाची आठ झाली, फेक करण्याची मुदत तीस सेकंदांवरून चोवीसवर आली, आणि वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांची दहा-दहाची चार सत्रे झाली. पक्याला त्या दिवशी नऊ लागली असती. म्हणजे आपल्या काळात तो सहज पार झाला असता आणि आपण दोघे त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. माणूस तोच राहतो, घड्याळ बदलते.

तो मंदावला आहे हे मी नाकारत नाही. वडगावचे घरचे माग विकल्यापासून तो उद्यमबागेत मशीनवर रात्रपाळी करतो, सकाळी सातला सुटतो, चार तास झोपतो आणि संध्याकाळी सरावाला उभा राहतो. तिसऱ्या सत्रापर्यंत तो पूर्वीचाच पक्या असतो. चौथ्या सत्रात त्याचे पाय ऐकत नाहीत, आणि प्रेस लावणारे संघ आता नेमकी चौथ्या सत्राचीच वाट पाहतात.

बदली म्हणून जो मुलगा आहे तो गोकाकचा, वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगला इथे वसतिगृहात राहतो. त्याचा वेग पाहिलास तर तू शिव्या देशील, त्याही कौतुकाच्या. गोकाकच्या धबधब्यावरून आम्ही त्याला धबधबा म्हणतो. उन्हाळ्यात आटतो की नाही ते अजून कळायचे आहे. मी जुन्या सवयीप्रमाणे वहीत खुणा करतो. या स्पर्धेच्या पाच सामन्यांत पक्याच्या पासवर ३१ बास्केट झाल्या आणि त्याने चेंडू १२ वेळा घालवला. धबधब्याने १४ करून दिल्या आणि १७ वेळा घालवला, पण स्वतः मारलेले गुण त्याचे दुपटीहून अधिक आहेत. समितीला गुण दिसतात. पास देणाऱ्याचे नाव गुणफलकावर लागत नाही, हे तू मला बसवण गल्लीच्या कट्ट्यावर किती वेळा ऐकवले असशील!

आता खरी अडचण सांगतो. तू बसवलेल्या चाली अजून चालू आहेत. धारवाड-हुबळीला गेलो की आकडे मराठीत ओरडायचे, कोल्हापूरला गेलो की ओंदु, एरडु, मूरु; आणि बेळगावात सगळ्यांना दोन्ही कळतात म्हणून गल्ल्यांची नावे. गणपत गल्ली म्हणजे सरळ मधून घुसायचे, खडे बाजार म्हणजे उजवीकडून गर्दी करायची, रेल्वेचे तिसरे गेट म्हणजे जागच्या जागी थांबून खेळ संथ करायचा, आणि रामलिंगखिंड म्हणजे राखणाऱ्याच्या पाठीमागून चोरवाटेने बास्केटखाली जायचे. पक्या ‘रामलिंगखिंड’ म्हणाला की चौघेही मान न वळवता धावतात, कारण चेंडू तिथे येणार याची त्यांना खात्री असते. धबधब्याला ही नावे पाठ झाली आहेत, पण त्या गल्ल्यांतून तो कधी सायकल घेऊन गेलेला नाही. तो नाव उच्चारतो आणि मग स्वतःच घुसतो. परवा सरावात त्याने ‘तिसरे गेट’ अशी हाक देऊन सुसाट बास्केट मारली. मी विचारले, ‘अरे, गेट लागले होते ना?’ तो म्हणाला, ‘सर, रेल्वे बंदिल्ल.’ गाडी आलीच नव्हती म्हणे. मी रागवायचे विसरून हसलो. पोरगा वाईट नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाच.

कारण समितीत याचा सीमाप्रश्न झाला आहे. अर्ध्या लोकांना पक्या हवा आहे, पण तो चांगला पास देतो म्हणून नव्हे, तर वडगावचा आपला मुलगा बसवून गोकाकचा कानडी मुलगा कसा उभा करायचा, म्हणून. उरलेल्या अर्ध्यांना धबधबा हवा आहे, आणि त्यातल्या दोघांना तो केवळ पहिल्या अर्ध्यांना चिडवण्यासाठी हवा आहे. मी पक्याच्या बाजूने एक शब्द बोललो की माझ्याकडे लगेच विजयी नजरेने पाहणारे लोक आहेत, आणि त्यांच्या टाळ्या मला नको आहेत. निदान २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याच्या आधी आमचा निकाल लागावा, एवढीच कपिलेश्वराकडे प्रार्थना.

चिटणिसांनी परवा मला अमेरिकेचे दाखले दिले. मोठे संघ भावनेत अडकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, मोठ्या संघांचेच ऐका. सॅन अँटोनिओने २००३ साली विजेतेपद मिळवले आणि त्याच उन्हाळ्यात आपला एकवीस वर्षांचा पॉइंट गार्ड टोनी पार्कर याच्या जागी जेसन किडला आणण्यासाठी धडपड केली. किड आला नाही, म्हणून पार्कर राहिला, आणि २००७ च्या अंतिम मालिकेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. डॅलसने उलट केले. २००४ साली तीस वर्षांच्या स्टीव्ह नॅशवर मोठा करार लावायला ते तयार झाले नाहीत, तो फिनिक्सला गेला, आदल्या वर्षी २९ सामने जिंकलेल्या त्या संघाने ६२ जिंकले, आणि नॅश लागोपाठ दोन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. गंमत अशी की तिशीचा माणूस नको म्हणणाऱ्या त्याच डॅलसने २०११ साली विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचा पॉइंट गार्ड अडतीस वर्षांचा होता, आणि तो होता जेसन किड! चिटणीस गप्प झाले. मी मात्र घरी येताना विचार करत होतो की यातला कोणीही रात्रभर मशीनवर उभा राहून मग खेळायला येत नव्हता.

युटाचा पॉइंट गार्ड जॉन स्टॉक्टन याचे नाव मी मुद्दाम घेतले नाही; तो तुझा. एकोणीस हंगाम एकाच संघात, १५,८०६ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, आणि विजेतेपद एकही नाही, हे वाक्य मी तुला चिडवायला म्हणायचो आणि तू ते अभिमानाने म्हणायचास. १९९८ च्या जूनमध्ये जॉर्डनने स्टॉक्टनचा जोडीदार मलोन याच्या हातातून चेंडू काढला, तेव्हा तू आमच्या घरातून चहा न पिता उठून गेला होतास. स्टॉक्टनसाठी तू बारा नंबर घेतलास, आणि मला जॉर्डनचा तेवीस मिळाला नाही, कारण तेव्हा चार ते पंधरा एवढेच नंबर चालत. त्याचेही खापर मी तुझ्यावर फोडले होते.

आता जे कोणाला सांगितलेले नाही ते लिहितो.

रविवारी धारवाडच्या मुलांनी ती बास्केट केली तेव्हा माझ्याकडे एक टाइमआउट शिल्लक होता. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट पडली की घड्याळ थांबते. त्या वेळी टाइमआउट मागितला असता तर चेंडू पुढच्या अर्ध्यातून आत आणता आला असता, मधली रेषा ओलांडण्याचा प्रश्नच उरला नसता आणि आठ सेकंदांचा हिशेबही नसता. नियम मी दर वर्षी मुलांना शिकवतो. त्या क्षणी मी उभा राहिलो, हात वर करायचे सुचले नाही, आणि सुचले तेव्हा पक्या चेंडू घेऊन निघाला होता. बेंचवरच्या कोणाच्या लक्षात आले नाही. गॅलरीच्या तर नाहीच. पक्याच्या लक्षात आले आहे, कारण शिट्टी वाजल्यावर त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘चूक माझी, पाय उशिरा पडला.’

सुधीर, ते वाक्य ऐकले आणि मला हुबळी आठवली. हुबळीच्या अंतिम सामन्यात तू ‘रामलिंगखिंड’ म्हणून हाक दिली होतीस, आणि चेंडू बास्केटखालून सरळ बाहेर गेला. सरांनी मला विचारले तेव्हा ‘जरा लांब गेला’ असे मी म्हणालो. चेंडू लांब गेला नव्हता. मी धावलोच नव्हतो. शेवटची फेक आपण मारावी म्हणून मी कोपऱ्यात उभा राहिलो होतो, हात वर करून. पुढच्या हंगामात सरांनी चेंडू लंबूच्या धाकट्या भावाकडे दिला, तू वर्षभर बेंचवर बसलास आणि मग पुण्याला गेलास. तुला हे ठाऊक होते की नाही, हे विचारायचा धीर मला इतक्या वर्षांत झाला नाही. ठाऊक असेलच, कारण पास देणाऱ्याला आपला पास कुठे चालला आहे हे कळते. तू कधी बोलला नाहीस, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त चीड येत असे. नॅशनल टीमला लागेल एवढे मोठे काही घडले नव्हते, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिले आहे. उपयोग होत नाही.

त्यामुळे आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. पक्याला ठेवावे असे मला वाटते ते त्याच्या ३१ पासांमुळे, की हुबळीचे देणे मी चुकीच्या माणसाला फेडतो आहे? दोन रात्री वही उलटून पाहिली. माझे मत असे झाले आहे की प्रेस असेल तेव्हा चेंडू रेषेपलीकडे धबधब्याने आणावा आणि पलीकडे गेल्यावर तो पक्याच्या हातात द्यावा. चौथ्या सत्राची पहिली पाच मिनिटे पक्याने बसावे आणि शेवटची पाच खेळावे. पण चेंडू कोणाचा, असे समिती विचारणार आणि तिला एकच नाव हवे असणार. मी पक्याचे सांगणार. एक वर्षापुरते, आणि त्या वर्षात पोराला रामलिंगखिंड सायकलवरून दाखवायची. मात्र नाव सांगण्याआधी टाइमआउटची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर सगळे पुन्हा त्याच्या एका पायावर येईल. ती ऐकून पॉइंट गार्ड राहू दे, प्रशिक्षकच बदला, असे कोणी म्हणाले तर त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

तुझे नवे घर लागले का? काकूंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्याचे लंबूकडून कळले. त्यांना नमस्कार सांग. वहिनींना आणि धाकटीला आशीर्वाद, बारावीचे वर्ष आहे तर तिला आमच्यासारखे मैदानावर हुंदडू देऊ नकोस, किंवा देच. संक्रांतीला येणार असलास तर मांडे सांगून ठेवतो. फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. दोन ओळी लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

पक्याशी मी अजून बोललेलो नाही. आज रात्री त्याची पाळी अकराला सुरू होते आणि साडेदहाला तो उद्यमबागेत कारखान्याबाहेरच्या टपरीवर चहा घेतो. हे पत्र पाकिटात घालून मी तिकडेच निघालो आहे.

तुझा,
नंबर तेरा