गुळवेल ओळखायची कशी?

महोदय,

आरोग्य पुरवणीतील गुळवेलीवरचा लेख वाचला. ‘वनस्पतीच आहे, अपाय होणार नाही’ हे त्यातले विधान मात्र पटले नाही. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की दिसायला सारखी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात वापरली गेली असावी. पुढच्याच वर्षी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या, १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मंत्रालयाचे म्हणणे खरे मानले, तर काळजी अधिकच वाढते. माझी आई परसातल्या कडुनिंबावर चढवलेल्या वेलीचे बोटभर तुकडे ठेचून रात्रभर भिजत घालायची. ती वेल तिने स्वतः लावलेली होती. दुकानातल्या डबीतली भुकटी कोणत्या वेलीची, हे ग्राहकाने कसे ओळखावे? ते प्रयोगशाळेतच कळते, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे रासायनिक घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने. प्रत्येक बॅचची अशी तपासणी करून निकाल वेष्टनावर छापणे बंधनकारक करावे. यकृताचा किंवा स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असलेल्यांसाठीचा इशाराही तिथेच, ठळक अक्षरांत हवा.

– एक वाचक, सातारा