सुजू, यंदाचं माहेरपण पत्रातूनच घे

नाशिक, इंदिरानगर
12 जून 2020

प्रिय सुजू,

काल काकूंशी फोनवर बोलले. जेलरोडला सगळं ठीक आहे, काकांच्या बीपीच्या गोळ्या मेडिकलवाला घरपोच देतो, तेव्हा ती काळजी तू सोड. पण काकू बोलता बोलता एकदम गप्प झाल्या, म्हणाल्या मे महिना आला नि गेला आणि पोरगी आली नाही, असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच झालं. मला काय बोलावं सुचेना गं. आपण रोज व्हॉट्सअ‍ॅपवर असतो पण ते सगळं तुकड्या-तुकड्यात, एक फोटो नि दोन हसरे चेहरे टाकले की संपलं. म्हणून म्हटलं हिला नाशिकचा उन्हाळा निवांत लिहून पाठवू, बाजारहाट, कपडेलत्ते, घरातलं सगळं, जसं आपण दोघी तुमच्या गच्चीवर रात्री बोलत बसायचो तसं.

पाडवा 25 मार्चला होता ना, त्याच दिवशी लॉकडाऊन सुरू झालं. गुढीला गाठी मिळेना. मग आईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, साखरेचा पाक केला, छोट्या वाट्यांना तूप लावलं, मधून दोरा टाकला नि घरात गाठी पाडली. जरा वाकडीतिकडी झाली पण मुलांना इतकं कौतुक की गुढी उतरवेपर्यंत दम निघत नव्हता. तेव्हा वाटलं होतं 21 दिवसांत होईल सगळं पूर्ववत.

मग द्राक्षं आली. तुला माहितीये मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडे ऐन हंगाम, आणि बाहेर जाणारा माल अडकला, बाजार कधी चालू कधी बंद. दिंडोरीकडचे एक शेतकरी स्वतः टेम्पो घेऊन सोसायटीच्या गेटवर यायला लागले. काय माल होता सुजू! लांब मणी, हिरव्यावर पिवळसर झाक आलेली, देठ अजून ताजा, जी द्राक्षं आपल्याला एरवी नाशकात राहूनही बघायला मिळत नाहीत कारण ती पेटीत भरून थेट परदेशी जातात. बिचारे भाव सांगताना खाली बघत होते. म्हणाले, ताई, बेदाणा करायचा तर माणसं नाहीत, झाडावर ठेवली तर पुढच्या वर्षीची काडी खराब होते. आमच्या बिल्डिंगने ठरवूनच टाकलं की कोणी घासाघीस करायची नाही, प्रत्येक घराने जास्तीची घ्यायची, ग्रुपवर आदल्या रात्री किलो लिहायचे नि पैसे आधी द्यायचे. ते हंगाम संपेपर्यंत येत राहिले आणि आता भाजीही तेच पाठवतात. मी तर ठरवलंय, बाजार पूर्ण उघडला तरी भाजी त्यांच्याचकडून.

किराण्याचं फार सांगत नाही, तुमच्या बंगळुरात पण तेच असणार. यादी फोनवर पाठवायची, दुकानासमोर चुन्याच्या गोलात उभं राहायचं, घरी आल्यावर दुधाच्या पिशव्यासुद्धा धुवायच्या.

तू विचारलं होतंस ना की दिवसभर घरात काय घालून बसतेस. सुरुवातीला गाऊनच गं, त्यावर ओढणी टाकली की झालं, ऑफिसचा कॉल पण तसाच, कॅमेरा बंद करून. पण आईंकडे बघत होते मी. त्यांचं सकाळी आंघोळ, वेणी, कुंकू, कडक धुतलेली सुती साडी, निऱ्या एकसारख्या, हे एक दिवस चुकलं नाही. दारावर दूधवाल्याशिवाय कोणी येत नव्हतं तरी. मी विचारलं तर म्हणाल्या, मी आहे ना घरात, मला दिसते की मी. ते फार लागलं मला, चांगल्या अर्थाने. तेव्हापासून मीही रोज नीट तयार होते. कपाटात राखून ठेवलेले सगळे सुती कुर्ते बाहेर काढले, येवल्याहून आणलेली ती साधी सुती साडी, जी मी कार्यक्रमाची कार्यक्रमाची म्हणून ठेवली होती, ती मी चक्क पोळ्या करताना नेसते. उन्हाळ्यात त्या कापडासारखं सुख नाही, घाम टिपतं, अंगाला चिकटत नाही, आणि दर धुण्याला मऊ होत जातं. इस्त्रीवाले गावी गेलेत म्हणून इस्त्री घरीच, ती मात्र हे करतात, रविवारी सगळ्यांची.

बाकी साजशृंगार आपोआप बदलला. सारखे हात धुवायचे म्हणून बांगड्या नि अंगठी डब्यात गेल्या. लिपस्टिकचा प्रश्नच नाही. झुमके मास्कच्या रबरात अडकतात, एकदा कान चांगलाच ओढला गेला, म्हणून आता बारीक टॉप्स. पार्लर अजून बंदच आहेत, भुवया वाढल्यात तर वाढल्यात, काजळ मात्र मी रोज घालते, कारण आता माणसाचे फक्त डोळेच दिसतात. आणि स्कार्फ तर आपण कॉलेजरोडला स्कूटीवर फिरायचो तेव्हापासून बांधतोय, नाशिकच्या मुलींना तोंड झाकायला कोणी शिकवायची गरज नव्हती!

मास्कवरून आठवलं, आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी, ज्यांनी तुझा डोहाळजेवणाचा ब्लाउज शिवला होता. त्यांचं वर्ष एप्रिल-मेच्या लग्नसराईवर चालतं. यंदा सगळी लग्नं पुढे गेली, जी झाली ती 50 माणसांत उरकली, त्यांच्याकडे शिवून तयार असलेले ब्लाउज न्यायला कोणी येईना, शिलाई अडकली. तेव्हा त्यांनी ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचे मास्क शिवायला घेतले. मी संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की कापून द्यायला जायचे, त्या मशिनवर नि मी दाराबाहेर ओट्यावर. इलॅस्टिक कुठेच मिळेना, मग त्यांनी नाड्या लावल्या, वरची अंबाड्याच्या वर बांधायची नि खालची मानेवर, आणि खरं सांगते ते रबरापेक्षा बरं पडतं, कान दुखत नाहीत. तीन घड्या समोर, नाकाशी आत एक बारीक तार, शिवण आतून इतकी साफ की उलटा घातला तरी कळू नये. सरकारने दुकानातल्या साध्या मास्कला 8 आणि 10 रुपये भाव बांधून दिला होता तरी सुरुवातीला कुठे त्या भावात मिळत होते, आणि ते एकदा वापरून फेकायचे. मावशींचा धुवून महिनोन्‌महिने चालतो. आता 5 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कला तीन थर सांगितले तर मी त्यांना वाचून दाखवलं, लगेच दुसऱ्या दिवसापासून तीन थरी, आत सुती, बाहेर जरा पाणी न शोषणारं कापड. अशा बाईला आपण काम द्यायचं नाही तर कोणाला द्यायचं?

वाळवणं झाली, हो. गच्चीवर पाळ्या लावल्या होत्या, एका दिवशी एकच घर, कारण सगळ्या बायका एकत्र बसणं शक्य नव्हतं. त्याचंच वाईट वाटलं, कुरडया तर बोलत बोलत घालायच्या असतात. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदललं, मिक्सरला वाटून चीक गाळला, रात्रभर बसू दिला, सकाळी वरची निवळ काढली. हिंग-मीठ घातलेल्या आधणात आईंनी चीक ओतला नि मी घाटत होते, एकही गुठळी होऊ दिली नाही, हात अजून भरून येतो आठवलं की. मुलं वाट्या घेऊन उभीच, गरम चीक, दूध, साखर. शेजारच्या वहिनी त्यांच्या खिडकीतून सांगत होत्या, अगं आता वाफ काढ, आता सोऱ्यात भर. कडक ऊन होतं म्हणून चांगल्या पांढऱ्याशुभ्र वाळल्या. 3 जूनला ते निसर्ग वादळ आलं नि इथे संध्याकाळपासून वारा-पाऊस, पण तोवर सगळं डब्यात होतं. तुझा डबा वेगळा काढलाय.

एक गोष्ट मात्र लिहावी की नाही असं झालं होतं. मे महिन्यात आपल्या मुंबई-आग्रा हायवेवरून माणसं चालत होती. कसारा घाट चढून आलेली, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, दुपारच्या उन्हात. आम्ही सोसायटीतून पोळ्या-भाजी, पाणी, केळी घेऊन जायचो. एका बाईच्या पायात प्लास्टिकच्या बाटल्या चेपून दोरीने बांधलेल्या होत्या. मी घरी येऊन चपलांचं कपाट उघडलं नि किती वेळ बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधून पोतंभर चपला-बूट गोळा करून नेले, नुसते जुने नाहीत, कित्येकींनी न घातलेले नवे दिले. काका सांगत होते, 1 मेला रात्री नाशिकरोडहून भोपाळला, मजुरांना गावी नेणारी श्रमिक गाडी सुटली. मला वाटतं या गाड्या आधी सुटायला हव्या होत्या. अजूनही राग येतो.

आता दुकानं उघडलीत, 5 तारखेपासून, एक दिवस रस्त्याच्या या बाजूची नि दुसऱ्या दिवशी त्या बाजूची. मी मेनरोडला जाऊन आले. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम बंद, बदलून द्यायचं नाही, परत घ्यायचं नाही, तसा सरकारी नियमच आहे. त्यामुळे रेडिमेड कोण घेणार? पण कापड घेता येतं! दुकानदारांनी सॅनिटायझर दिलं, मग ठाण उलगडून दाखवलं, आणि इतक्या दिवसांनी हाताला नवं कापड लागलं, तो कोऱ्या कापडाचा वास मास्कमधूनसुद्धा आला मला. माझ्यासाठी एक ड्रेस मटेरियल घेतलं आणि तुझ्या चिऊसाठी जांभळा खण, मोरपंखी काठाचा.

तेव्हा हट्टाने सांगते, चिऊच्या वाढदिवसाचा फ्रॉक ऑनलाइन मागवू नकोस. तो मावशीच शिवतील, शिलाई मी दिली आहे, नाही म्हणायचं नाही. तिला नीट बसणारा एखादा फ्रॉक जमिनीवर सपाट पसर आणि टेपने मापं घे, खांदा, छाती, कंबर, बाहीचा घेर नि खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत उंची. वाढतं अंग आहे म्हणून मावशी आत दोन बोटं जास्तीच्या कापडाची माया ठेवणारच आहेत, तू तुझ्या मनाने वाढवून सांगू नकोस. अस्तराला जुनी मऊ सुती साडी लावायची म्हणतात, ती काकूंकडून घेते, त्यांनी आकाशी काढून ठेवलीये. रविवारपर्यंत मापं आली तर फ्रॉक आणि कुरडया एकाच खोक्यात स्पीड पोस्टने टाकता येतील, आणि गळा गोल हवा की चौकोनी तेही चिऊलाच विचारून कळव.

तुझीच,
मनू