लिथियम संपलं तेव्हा लोकल बंद होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोविडच्या काळात आत्महत्या वाढल्या की नाही वाढल्या यावर अजूनही बोललं जातं आणि मग कोणीतरी सांगतंच की 21 देशांचा अभ्यास झाला होता, 2021 मध्ये छापून आला, पहिल्या काही महिन्यांत आकडे वाढलेले दिसले नाहीत. खरं आहे ते. पण तो सगळ्या लोकसंख्येचा हिशोब आहे, त्यातले बहुतेक देश पैसेवाले, भारत त्यात नव्हताच, आणि ज्यांच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत त्यांचं काय झालं हे त्यातून कळत नाही. मी अशाच घरातली आहे म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी अगदी खचलेलं असा मानसिक आजार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला निघालं, एकदा अ‍ॅडमिट करावं लागलं, मग या आजारावरची लिथियमची गोळी चालू झाली आणि तो खरंच सावरला, नोकरीला लागला. लिथियमचं असं आहे की गोळी स्वस्त आहे पण नाजूक काम आहे, रक्तातली पातळी कमी झाली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर विषबाधा, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं, किडनी थायरॉइड पण बघतात. आम्ही पूर्व उपनगरात राहतो, हॉस्पिटल दूर, महिन्याला लोकलने जायचं, केसपेपर दाखवायचा, तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन यायचं. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, लोकल बंद झाल्या, आमची तारीख त्याच आठवड्यातली होती. एप्रिल अर्धा होईपर्यंत गोळ्या संपायला आल्या. आमच्या भागातले सगळे केमिस्ट फिरले, ही गोळी ते ठेवतच नाहीत कारण मागणी नाही. हॉस्पिटलला फोन लावला तर ओपीडी बंद, डॉक्टर सगळे कोविड ड्युटीला. मी त्यांना दोष देत नाही, ते दिवसच तसे होते. पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही की बंद झाल्यावर आमच्यासारख्यांनी कुठे जायचं.

भावाने काय केलं तर आम्हाला न सांगता गोळी अर्धी करून घ्यायला लागला. पुरवायची म्हणून. आम्ही आपले भाजी सॅनिटायझ करण्यात आणि बाबांना घरात बसवून ठेवण्यात गुंतलेले. मे महिन्यात तो गप्प झाला, आम्हाला वाटलं सगळेच कंटाळलेत तसा हाही. मग त्याने त्याचं क्रिकेटचं किट खालच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकलं, शाळेपासून जपलेलं किट, आणि एका रात्री म्हणाला, ताई माझ्यामागे तुमचा किती खर्च होतो ना, मी नसतो तर बाबांना एवढं टेन्शन नसतं. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला सरळच विचारलं, जीव द्यायचा विचार येतोय का? तो रडला आणि हो म्हणाला. असं विचारल्याने मुद्दाम डोक्यात येतं असं लोकांना वाटतं, ते चुकीचं आहे, डॉक्टरही हेच सांगतात की विचारा. विचारलं म्हणून तो बोलला. पुढचे काही दिवस मी आणि आई आळीपाळीने जाग्या राहिलो, एकट्याला सोडलं नाही, घरातली सगळी औषधं कपाटात कुलपात टाकली.

मदत कशी मिळाली तर जुन्या केसपेपरच्या मागे एका निवासी डॉक्टरने मोबाइल नंबर लिहून ठेवला होता. रात्री साडेअकराला कोविड ड्युटी संपवून त्यांचा फोन आला, भावाशी पाऊण तास बोलले, प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर पाठवलं. फोनवरून औषध लिहून द्यायचे नियम केंद्राने 25 मार्च 2020 लाच काढले होते हे आम्हाला त्या रात्री कळलं. समोरचे काका बेस्टमध्ये कंडक्टर, बस तेवढ्या अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी चालू होत्या, त्यांनी ड्युटीवरून येताना दादरहून गोळ्या आणल्या. भाऊ आज आहे तो त्या नंबरामुळे आणि त्या काकांमुळे. ज्यांच्या केसपेपरच्या मागे नंबर नव्हता त्यांचं काय झालं असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतर जुलैमध्ये बाबा पॉझिटिव्ह आले. तेव्हा वॉर रूममधून, म्हणजे पालिकेच्या कोविड मदत कक्षातून, रोज फोन यायचा, ताप किती, ऑक्सिजन किती, दम लागतो का, बोलणारी मुलगी इतकी गोड बोलायची की आई तिच्या फोनची वाट बघायची. त्याच घरात पलीकडच्या खोलीत माझा भाऊ होता. त्याच्याबद्दल विचारायला तिच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे संपादक साहेब. मुंबईत 24 वॉर्ड, प्रत्येक वॉर्डची वॉर रूम, फोन करायची माणसं, याद्या, सगळं उभं राहिलं होतं आणि ते चाललं सुद्धा. सायकिअ‍ॅट्री ओपीडीच्या रजिस्टरमध्ये मानसिक आजाराच्या पेशंटचे नंबर होतेच, ती यादी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गुप्तता सांभाळून, फोन करणाऱ्यांपर्यंत गेली असती तर?

फोनने काय होतं असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी एक प्रयोग केला होता, 2008 मध्ये त्याचे निकाल आले. आत्महत्येचा प्रयत्न करून हॉस्पिटलमध्ये आलेल्यांना तासभर नीट समजावून सांगायचं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून चौकशी करायची, बस. ज्यांची अशी चौकशी केली त्यांच्यात पुढे आत्महत्येने गेलेले 0.2 टक्के, बाकीच्यांत 2.2 टक्के. याला ना मशीन लागत ना व्हेंटिलेटर. आणि लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसलंय, ते अचानक सुटलं की आजार उसळतो, तसंच हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डातून डिस्चार्ज झाल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात. त्याच आठवड्यांत शहर बंद झालं तर काय होणार. डायलिसिस थांबवता येत नाही हे सगळ्यांना पटतं, मग हे का नाही पटत?

एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचे, आकडे बघितले तर देशात 2020 मध्ये 1,53,052 आणि 2021 मध्ये 1,64,033 आत्महत्यांची नोंद आहे, दोन्ही वर्षी महाराष्ट्र सगळ्यात वर. यातल्या किती जणांचे उपचार चालू होते आणि मध्येच तुटले हे त्यात कुठेच नसतं. नोंदच नाही तर पुढच्या साथीत पण कोणाच्या लक्षात येणार नाही.

आणखी एक, आईला तेव्हा सगळ्यात जास्त भीती पोलीस केसची होती, म्हणून ती कोणाला सांगू देत नव्हती. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली आहे असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. 2024 पासूनच्या नवीन न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं ते जुनं 309 कलम राहिलंच नाही. हे घराघरात माहीत नाहीये.

पेपरवाल्यांनाही हात जोडून विनंती. जून 2020 मध्ये एका अभिनेत्याच्या आत्महत्येच्या बातम्या दिवसरात्र चालल्या होत्या, कसं केलं कुठे केलं सगळं तपशीलवार, आम्ही घरातला टीव्हीच बंद करून टाकला होता. प्रेस कौन्सिलची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पद्धत सांगू नका, पहिल्या पानावर ठळक छापू नका.

हे पत्र छापलंत तर खाली 14416 हा नंबर तेवढा मोठ्या अक्षरात छापा. टेली मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. 2020 मध्ये हा नव्हता.

पूर्व उपनगरातली एक बहीण, मुंबई